ओ-थ्री लावलं की पॅकेज फुटतं, ओ-टूवर आणलं की चालतं: मग चूक कंपायलरची का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जेंटूवर, म्हणजे पॅकेजेस सोर्समधून आपल्याच मशीनवर बिल्ड करणाऱ्या लिनक्सवर, मेक.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये तुम्ही सगळ्या सिस्टीमसाठी एकदम कंपायलरचे चार फ्लॅग लावले: ओ-थ्री (कोड वेगवान करण्याचा, म्हणजे ऑप्टिमायझेशनचा, वरचा स्तर; ओ-टू नेहमीचा, ओ-झीरो म्हणजे जवळजवळ काहीच नाही), एम-आर्च नेटिव्ह (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी खास कोड), एलटीओ (लिंक करताना सगळा प्रोग्रॅम एकत्र पाहून ऑप्टिमायझेशन) आणि फास्ट-मॅथ (दशांश आकडेमोडीचे नियम सैल करणं). त्याच सुमारास कंपायलरही नवा आला. मग सगळी सिस्टीम पुन्हा बिल्ड करायला घेतली आणि काही पॅकेजेस अडकली. एक कंपाइल होतानाच थांबलं. एक लिंक होताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणत पडलं. एक पूर्ण बिल्ड झालं पण त्याच्या टेस्ट नापास झाल्या. एका मोठ्या सी-प्लस-प्लस पॅकेजला मधेच ‘किल्ड’ आलं. ओ-टूवर आणून बाकीचे फ्लॅग काढले की ही चारही होतात, एक पाचवं मात्र तरीही होत नाही. तुम्ही विचारताय की कंपायलरमध्ये बग आहे का, आणि सुरक्षित राहायचं तर सरळ ओ-झीरो लावावं का.

ओ-झीरो लावू नका. त्याने काही पॅकेजेस नव्याने फुटतील, का ते पुढे सांगतो. कंपायलरचा बग क्वचित असतो, पण तुम्ही दिलेल्या माहितीत तसं काही दिसत नाही. आणि ‘ओ-टूवर चालतं’ या निरीक्षणातून तुम्ही जितका अर्थ काढताय तितका निघत नाही. तुम्ही चार फ्लॅग एकदम काढलेत, त्यामुळे कुठल्या पॅकेजला कुठला फ्लॅग नडला हे अजून ठरलेलंच नाही. तुमच्याकडे एक अडचण नाही, निदान चार आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही.

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: कंपायलर जीसीसी की क्लँग, कुठली आवृत्ती, मशीनमध्ये रॅम किती, बिल्ड केलेलं त्याच मशीनवर चालणार की दुसरीकडे न्यायचंय. म्हणून नुसता फ्लॅग सांगून मोकळा होत नाही, माझी बघण्याची पद्धत सांगतो.

पहिलं काम लॉगचं. पोर्टेज (जेंटूचा पॅकेज मॅनेजर) शेवटी जो लाल मजकूर दाखवतं त्यात उपयोगाचं जवळजवळ काही नसतं. बिल्ड चालवणाऱ्या ‘मेक’ने हार मानली एवढंच तो सांगतो. टेम्प फोल्डरमधला बिल्ड.लॉग उघडा आणि वरून खाली येत ‘एरर’ असलेली पहिली ओळ शोधा. आठ-दहा जॉब समांतर चालू असतात तेव्हा खरी चूक शेवटापासून शेकडो ओळी वर असू शकते, कारण एक जॉब पडल्यावरही बाकीचे आपलं काम संपवून बडबड करत राहतात. ओळ सापडत नसेल तर एकाच जॉबवर पुन्हा चालवा, म्हणजे चूक अगदी शेवटी येईल. ती ओळ मिळाली की तिच्या वरची कंपायलरची पूर्ण आज्ञा वाचा. तुम्ही मेक.कॉन्फमध्ये काय लिहिलं याला इथे किंमत नाही, कंपायलरपर्यंत काय पोहोचलं याला आहे. एका आज्ञेत ‘ओ’चे दोन स्तर आले तर शेवटचा लागू होतो, आणि बऱ्याच प्रोजेक्टचे मेकफाइल तुमच्या फ्लॅगनंतर स्वतःचा ओ-टू चिकटवतात. सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करणारं साधन) बिल्डचा प्रकार ‘रिलीज’ असेल तर जीसीसी आणि क्लँगला ओ-थ्री आणि ‘एनडीबग’ ही व्याख्या तुमच्या फ्लॅगच्या मागून जोडली जाते. उलट जेंटूच्या काही ईबिल्ड (पॅकेज कसं बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या फाइली) तुमचे धाडसी फ्लॅग स्वतःहून गाळतात. त्यामुळे ज्या पॅकेजबद्दल ‘ओ-थ्रीमुळे फुटलं’ असं तुम्ही म्हणताय त्याला ओ-थ्री मिळालंच होतं का, हे आज्ञेवरूनच कळेल.

जाता जाता एक: ब्लॉगवरून फ्लॅग कॉपी केले असतील तर पुढची रेघ तपासा. कित्येक संकेतस्थळं साध्या आडव्या रेघेची सुंदर लांब रेघ करून टाकतात. कंपायलर तिला फ्लॅग न समजता फाइलचं नाव समजतो, अशी फाइल नाही म्हणतो, आणि कॉन्फिगर स्क्रिप्ट ‘सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स’ असं सांगून पहिल्याच पायरीवर थांबते. अशा वेळी कॉन्फिग.लॉगमध्ये खरं कारण स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता जे पॅकेज ओ-टूवरही होत नाही, ते आधी बाजूला काढा. त्याचा ऑप्टिमायझेशनशी बहुधा संबंध नाही. कंपायलर नवा आलाय असं तुम्ही म्हणता, तर संशय तिकडे जायला हवा. जीसीसी १० ने, २०२० मध्ये, एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींत ‘एक्स्टर्न’ न लावता घोषित केलेलं खपवून घेणं बंद केलं. तेव्हापासून जुनी सी पॅकेजेस ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणत लिंकिंगला पडू लागली. २०२४ च्या जीसीसी १४ ने न घोषित केलेलं फंक्शन वापरणं, चुकीच्या प्रकारचा पॉइंटर देणं असल्या गोष्टींना इशाऱ्याऐवजी थेट चूक ठरवलं. खरं तर न घोषित फंक्शन सी भाषेच्या १९९९ च्या मानकातूनच बाद झालं होतं, कंपायलरच इतकी वर्षं सांभाळून घेत होता. २०२५ चा जीसीसी १५ सी-२३ हे मानक गृहीत धरतो, त्यात ‘बूल’ हा भाषेचा राखीव शब्द आहे आणि रिकाम्या कंसाचा अर्थ ‘एकही पॅरामीटर नाही’ असा होतो. स्वतःचा ‘बूल’ टाइपडेफ करणारी जुनी पॅकेजेस तिथे अडतात. यावर उपाय म्हणजे पॅकेजची नवी आवृत्ती किंवा पॅच. ते मिळेपर्यंत त्या एका पॅकेजला जुनं मानक सांगून वेळ मारून नेता येते. ‘ओ’चा आकडा बदलत बसून काही होणार नाही.

कंपाइल होताना थांबलेल्या पॅकेजकडे येऊ. ओ-टूवर होतं आणि ओ-थ्रीवर होत नाही, याचं सर्वांत जास्त वेळा दिसणारं कारण अगदी साधं आहे: प्रोजेक्टने ‘डब्ल्यू-एरर’ लावून ठेवलेलं असतं. म्हणजे प्रत्येक इशारा ही चूक. लोकांना वाटतं की इशारे कोड वाचून येतात, मग ऑप्टिमायझेशनचा काय संबंध? काही इशारे नुसता कोड वाचून येतात, पण ‘मे बी अनइनिशियलाइज्ड’, ‘अ‍ॅरे बाउंड्स’, ‘स्ट्रिंगऑप ओव्हरफ्लो’ हे ऑप्टिमायझरच्या विश्लेषणातून येतात. समजा एक छोटं फंक्शन लूपमध्ये काहीतरी शोधतं आणि सापडलं तरच पॉइंटरमार्फत आकडा भरतं. ओ-टूवर कंपायलरने ते फंक्शन जसंच्या तसं वेगळं ठेवलं, तर बोलावणाऱ्याच्या बाजूने त्याला काहीच संशयास्पद दिसत नाही. ओ-थ्रीवर तो तेच फंक्शन उचलून बोलावणाऱ्याच्या आत घालतो, लूप उलगडतो, आणि ‘लूप एकदाही फिरला नाही तर हा आकडा भरलाच जात नाही’ ही वाट त्याला दिसते. इशारा आला, डब्ल्यू-एररने त्याची चूक केली, बिल्ड थांबला. कोड तोच आहे, कंपायलरची नजर फक्त जास्त लांब पोहोचली.

सीमेकच्या रिलीजमधली ‘एनडीबग’ही अशीच खोडी काढते. तिच्यामुळे सगळे असर्ट (प्रोग्रॅम चालताना अट तपासणाऱ्या ओळी) पुसले जातात, फक्त असर्टमध्ये वापरलेलं व्हेरिएबल मग न वापरलेलं ठरतं, आणि पुन्हा डब्ल्यू-एरर.

माझं मत स्पष्ट आहे: डब्ल्यू-एरर लेखकाच्या टेबलावर ठीक आहे, लोकांना बिल्ड करायला दिलेल्या सोर्समध्ये त्याला जागा नाही. पुढचा कंपायलर कुठला इशारा शोधून काढेल हे आज कुणाला ठाऊक? कॉन्फिगरमध्ये ते बंद करायचा पर्याय असतो का पाहा, नसेल तर फ्लॅगच्या शेवटी ‘डब्ल्यू-नो-एरर’ जोडा. पण इशारा एकदा वाचा. अ‍ॅरेच्या हद्दीबाहेर जाण्याच्या इशाऱ्यांत खोटे गजर बरेच असतात, तरी मधूनच एखादा खरा निघतो, आणि तो लेखकाला कळवण्यासारखा असतो.

दुसरा प्रकार कमी दिसतो पण मला तो आवडतो, कारण त्यात ओ-थ्रीने नेमकं काय केलं हे डोळ्यांनी दिसतं. चूक कंपायलरकडून न येता असेंबलरकडून येते: ‘सिम्बॉल अमुक इज ऑलरेडी डिफाइन्ड’. सी फाइलमध्ये लेखकाने हाताने असेंब्लीचा तुकडा लिहिलेला असतो आणि त्यात उडी मारण्यासाठी एखादं लेबल, समजा ‘लूप_स्टार्ट’. फंक्शन एकच, म्हणून लेबलही एकदाच, असा त्याचा हिशेब. ओ-थ्रीने त्या फंक्शनच्या दोन प्रती केल्या: कधी ते दोन ठिकाणी आत घातलं म्हणून, कधी एखादा पॅरामीटर नेहमी एकच येतो म्हणून त्याच्यासाठी वेगळी प्रत काढली म्हणून. असेंब्लीचा तुकडा कंपायलरसाठी अपारदर्शक असतो, तो अक्षरशः उतरवला जातो. एका फाइलीत ‘लूप_स्टार्ट’ दोनदा आलं आणि असेंबलर अडला. इथे कंपायलरचं काहीच चुकलेलं नाही, प्रती काढायचा त्याला पूर्ण अधिकार आहे. दुरुस्ती म्हणजे नावाऐवजी आकड्याचं स्थानिक लेबल वापरणं किंवा प्रत्येक प्रतीला वेगळा क्रमांक देणारी खूण लावणं. दोन ओळींचा पॅच असतो. तो मिळेपर्यंत त्या पॅकेजला ओ-टू द्या, पण हे लक्षात ठेवा की जीसीसीच्या पुढच्या आवृत्तीत ओ-टूच जास्त प्रती काढायला लागलं तर हेच पुन्हा उभं राहील.

लिंकिंगला पडलेल्या पॅकेजमागे माझा पहिला संशय एलटीओवर. एलटीओ चालू असताना जीसीसी ऑब्जेक्ट फाइलीत यंत्रभाषा न ठेवता स्वतःचं मधलं रूप ठेवतो, खरा कोड लिंक करताना तयार होतो. आता असा प्रोजेक्ट घ्या जो ऑब्जेक्ट फाइली आधी स्टॅटिक लायब्ररीत बांधतो आणि त्यासाठी साधं ‘एआर’ हे साधन वापरतो. प्लगइन न मिळालेल्या ‘एआर’ला त्या फाइलींत एकही सिम्बॉल, म्हणजे फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव, दिसत नाही. तो लायब्ररी बनवतो, पण तिची अनुक्रमणिका कोरी राहते. लिंकर त्या अनुक्रमणिकेत फंक्शन शोधतो, सापडत नाही, आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ची रांग लागते. लॉगमध्ये थोडं वर ‘प्लगइन नीडेड टु हँडल एलटीओ ऑब्जेक्ट’ अशी ओळ असेल तर निदान पक्कं. एआर, एनएम आणि रॅनलिब या तिघांच्या जागी जीसीसीचे स्वतःचे ‘जीसीसी-एआर’, ‘जीसीसी-एनएम’, ‘जीसीसी-रॅनलिब’ द्या. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं. प्रोजेक्टच्या मेकफाइलमध्ये ‘एआर’ हे नाव हाताने कोरलेलं असेल तर तेवढं बदलावं लागेल.

एलटीओचे आणखी दोन नमुने माहीत असू द्या. लायब्ररीच्या सिम्बॉलना आवृत्ती देण्यासाठी काही प्रोजेक्ट फंक्शनबाहेर असेंब्लीची ओळ लिहितात. एलटीओ कोडचे तुकडे करताना ती ओळ आणि तिचं फंक्शन वेगवेगळ्या तुकड्यांत जाऊ शकतात. जीसीसी १० पासून यासाठी वेगळा अ‍ॅट्रिब्यूट आहे, पण जुन्या प्रोजेक्टनी तो घेतलेला नसतो. तिथे सरळ एलटीओ काढा, वाद घालू नका. दुसरा नमुना कॉन्फिगरचा: काही जुन्या चाचण्या छोटी फाइल कंपाइल करून तिच्या बाइट्समध्ये ठरावीक मजकूर शोधतात आणि त्यावरून मशीन दशांश आकडे कुठल्या क्रमाने ठेवतं ते ठरवतात. एलटीओमध्ये त्या फाइलीत तो मजकूर तसा नसतोच, मग चाचणी ‘कळत नाही’ म्हणून थांबते किंवा चुकीचं उत्तर देते. चुकीचं उत्तर जास्त वाईट, कारण बिल्ड मग पुढे कुठेतरी भलत्याच ठिकाणी फुटतो.

आणि एलटीओने ‘टाइप मिसमॅच’ किंवा ‘ओडीआर’चा (एका नावाची सगळीकडे एकच व्याख्या हा नियम) इशारा दिला तर तो गप्प करू नका. साधा लिंकर फक्त नावं जुळवतो, प्रकार पाहत नाही. एका फाइलीत ‘इंट’ म्हणून घोषित केलेलं दुसऱ्या फाइलीत ‘लाँग’ असेल तरी तो जोडून देतो. दोन सी-प्लस-प्लस फाइलींत ‘नोड’ याच नावाचे दोन वेगळे स्ट्रक्ट असतील, तर त्यांच्या एकाच नावाच्या इनलाइन फंक्शनांपैकी कुठलं तरी एक दोघांच्या वाट्याला येतं. एलटीओ सगळा प्रोग्रॅम एकत्र पाहतो म्हणून हे त्याला दिसतं. जेंटूवर एलटीओ वापरताना हे इशारे मुद्दाम चुका म्हणून धरायची शिफारस आहे ती यासाठीच. त्यामुळे बिल्ड थांबला असेल तर त्या पॅकेजचं एलटीओ काढा आणि लेखकाला कळवा. इशारा बंद करून एलटीओ चालू ठेवणं हा या दोहोंतला वाईट पर्याय.

टेस्टमध्ये नापास झालेलं पॅकेज. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण बाकीची पॅकेजेस निदान तोंडावर ‘नाही’ म्हणतात. टेस्ट चालवल्याच नसत्या तर हे गुपचूप इन्स्टॉल झालं असतं.

फास्ट-मॅथ सगळ्या सिस्टीमला लावू नका. ओ-फास्ट लावलं तर ते आतून फास्ट-मॅथही चालू करतं, म्हणून तेही नको. क्लँगने तर आवृत्ती १९ मध्ये ओ-फास्टला निवृत्तीच्या यादीत टाकलं. हा फ्लॅग कंपायलरला काही वचनं देतो: ‘नॅन’ (संख्याच नसलेलं उत्तर) आणि अनंत कधी येणार नाहीत, बेरजेचा क्रम बदलला तरी चालेल, अगदी लहान आकडे शून्य झाले तरी हरकत नाही. कोड तुमचा असता आणि ही वचनं तुम्ही पाळणार असता तर गोष्ट वेगळी होती. पण इथे तुम्ही दुसऱ्याच्या कोडच्या वतीने वचन देताय, आणि त्या लेखकाला याचा पत्ता नाही.

आकड्यांत पाहा. डबल प्रकारात दहाचा सोळावा घात घ्या, त्यात तोच उणे मिळवा, मग १ मिळवा: उत्तर १. आता क्रम बदला, आधी उणे संख्येत १ मिळवा. डबलमध्ये त्या आकाराच्या शेजारी शेजारच्या दोन संख्यांत २ चं अंतर असतं, त्यामुळे मिळवलेला १ गोलाईत हरवतो, आणि अंतिम उत्तर ० येतं. कागदावरच्या गणितात दोन्ही एकच, म्हणून फास्ट-मॅथमध्ये कंपायलरला क्रम बदलायची मुभा आहे. काही लेखक ही हरवलेली रक्कम वेगळ्या व्हेरिएबलमध्ये धरून पुढच्या बेरजेत परत घालतात. फास्ट-मॅथ त्या व्हेरिएबलकडे बीजगणिताच्या नजरेने पाहतो, ते नेहमी शून्यच येणार असं ठरवतो आणि काढून टाकतो. म्हणजे अचूकतेसाठी घेतलेली मेहनतच पुसली जाते. ‘इज-नॅन’ची तपासणीही तशीच ‘कधीच खरी नाही’ ठरते. चुकीचा इनपुट अडवायला ठेवलेला दरवाजा भिंतीतूनच नाहीसा होतो.

त्यात एक जुनी मेख होती. फास्ट-मॅथने शेअर्ड लायब्ररी लिंक केली की जीसीसी तिच्यात सुरुवातीला चालणारा एक तुकडा घालायचा, आणि तो प्रोसेसरची सेटिंगच बदलायचा. ती लायब्ररी ज्या प्रोग्रॅममध्ये लोड होईल त्याचा अगदी लहान आकड्यांचा हिशेब बदलायचा, मग तो प्रोग्रॅम स्वतः कितीही काळजीपूर्वक बिल्ड केलेला असो. जीसीसी १३ पासून शेअर्ड लायब्ररीसाठी हे बंद झालं. तुमचा कंपायलर नवा असल्याने या एका त्रासातून तुम्ही सुटलात.

फास्ट-मॅथ काढूनही आकड्यांच्या टेस्ट शेवटच्या एक-दोन अंकांनी चुकत असतील तर एम-आर्च नेटिव्हकडे पाहा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत, मधली गोलाई न करता, करायची सोय असते. जीसीसीच्या मूळ सेटिंगमध्ये ती वापरायची परवानगी असते. साध्या एक्स८६-६४ साठी बिल्ड केलं तर ती सूचनाच उपलब्ध नसते, नेटिव्ह लावलं की ती उपलब्ध होते. उत्तर उलट बहुधा जास्त अचूक असतं, पण टेस्टमध्ये जुना आकडा लिहून ठेवलेला असतो. ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट ऑफ’ लावून टेस्ट पास झाली तर कारण सापडलं, आणि मग मी बहुधा टेस्टलाच दोष देतो. नेटिव्हचा दुसरा प्रश्न तुम्हाला आहे का माहीत नाही: बिल्ड केलेली पॅकेजेस दुसऱ्या मशीनवर नेणार असाल, किंवा व्हर्च्युअल मशीन वेगळ्या होस्टवर हलणार असेल, आणि तिथल्या प्रोसेसरला त्या सूचना येत नसतील, तर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ येणारच. तिथे नेटिव्हऐवजी सगळ्या मशीनना झेपेल असा एक्स८६-६४ चा स्तर निवडा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सने ९ व्या आवृत्तीत दुसरा आणि १० व्या आवृत्तीत तिसरा स्तर किमान धरला आहे, त्यावरून अंदाज येईल.

‘किल्ड’ आलेल्या पॅकेजबद्दल फार लिहीत नाही. कर्नलने मेमरी संपली म्हणून कंपायलरला मारलं आहे. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ दिसेल. ओ-थ्री आणि एलटीओ दोन्ही मेमरी जास्त मागतात, म्हणून फ्लॅग काढल्यावर बिल्ड होतो आणि फ्लॅग दोषी वाटतो. जेंटूची हँडबुक दर जॉबमागे निदान २ जीबी रॅम धरायला सांगते. १६ जीबीच्या मशीनवर १६ जॉब लावले असतील तर हिशेब तिथेच चुकला. त्या पॅकेजचे जॉब कमी करा, फ्लॅगना हात लावू नका.

आता ओ-झीरो. ते ‘सुरक्षित’ वाटतं कारण कंपायलर काही करत नाही अशी समजूत. पण बराच कोड ऑप्टिमायझेशन गृहीत धरून लिहिलेला असतो. जीलिबसी (सिस्टीमची मूळ सी लायब्ररी) तर ओ-झीरोवर बिल्ड व्हायला स्पष्ट नकार देते, तसा संदेशच तिच्या हेडरमध्ये आहे. लिनक्स कर्नलमध्ये काही तपासण्या अशा रचल्या आहेत की चुकीची वाट ऑप्टिमायझरने पुसली नाही तर लिंकिंगच होऊ नये. ‘फॉर्टिफाय सोर्स’ ही संरक्षणाची सोय ऑप्टिमायझेशनशिवाय चालत नाही, ओ-झीरोवर ती इशारा देते, आणि डब्ल्यू-एरर असेल तर पुढचं तुम्हाला माहीत आहेच. सी-९९ च्या नियमाने नुसतं ‘इनलाइन’ लिहिलेलं फंक्शन ओ-टूवर आत घातलं जातं म्हणून चालून जातं. ओ-झीरोवर त्याची बाहेरची व्याख्या शोधली जाते, ती कुणी लिहिलेलीच नसते, आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येतो. बहुतेक डिस्ट्रिब्युशन्स ओ-टूवर बिल्ड करतात, म्हणजे सगळ्यात जास्त तपासलेली वाट ती आहे. तिच्या वर जा किंवा खाली, वर्दळ कमीच होत जाते.

यात न बसणारं काही उरलं, म्हणजे बिल्ड होतं पण ओ-थ्रीवर चालताना कोसळतं किंवा चुकीचं उत्तर देतं आणि फास्ट-मॅथही नाही, तर बहुतेक वेळा कोडमध्ये भाषेच्या नियमाबाहेरचं काहीतरी असतं. लिनक्स कर्नलमधलं २००९ चं उदाहरण प्रसिद्ध आहे. आभासी नेटवर्कच्या ‘टन’ ड्रायव्हरमध्ये आधी पॉइंटरमधून एक किंमत वाचली होती आणि पुढच्या ओळींत तो पॉइंटर नल आहे का ते तपासलं होतं. कंपायलरचा तर्क असा की वाचलाय म्हणजे नल नाही, म्हणून त्याने तपासणी काढली, आणि सुरक्षेचं भोक पडलं. त्यानंतर कर्नल अशा तपासण्या न काढण्याचा फ्लॅग लावूनच बिल्ड होऊ लागला.

अशा ठिकाणी मी ओ-थ्री तसंच ठेवतो आणि तीन फ्लॅग जोडतो: ‘नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग’ (वेगळ्या प्रकारचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवू शकतात असं धरा), ‘रॅप-व्ही’ (पूर्णांक ओव्हरफ्लो झाला तर फिरून परत येतो असं धरा) आणि ‘नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स’ (नलच्या तपासण्या काढू नका). अडचण गेली तर एकेक काढून पाहतो, ज्यावर परत येते त्यावरून चूक कुठल्या प्रकारची ते कळतं. तिन्हींनी काही झालं नाही तर दोन बिल्ड करतो, एक ओ-टूचा आणि एक ओ-थ्रीचा, अर्थात एलटीओशिवाय, आणि अर्ध्या ऑब्जेक्ट फाइली एकातून, अर्ध्या दुसऱ्यातून घेऊन लिंक करतो. बिघाड ज्या अर्ध्यात जातो तो पुन्हा अर्धा. २०० फाइली असल्या तरी आठ फेऱ्यांत एका फाइलीपर्यंत पोहोचता येतं. मग ती फाइल सॅनिटायझर (चालताना नियमभंग पकडणारी कंपायलरची सोय) लावून चालवायची. यूबी-सॅनिटायझर ओव्हरफ्लो आणि नल छान पकडतो, अलायसिंग मात्र पकडत नाही. म्हणून तो गप्प राहिला म्हणजे कोड स्वच्छ असं समजू नका.

खरा कंपायलर बग कसा दिसतो? ‘इंटर्नल कंपायलर एरर’ ही ओळ आली तर तो बग आहेच, कारण कोड कितीही वाईट असला तरी कंपायलरने कोसळायचं नसतं. फक्त तीच आज्ञा पुन्हा चालवा. दरवेळी त्याच जागी कोसळत असेल तर कळवण्यासारखा आहे. कधी इथे, कधी तिथे कोसळत असेल तर मेमरीची चाचणी घ्या. जीसीसी स्वतःच अशा वेळी ‘नॉट रिप्रोड्युसिबल’ म्हणून हार्डवेअरकडे बोट दाखवतो.

तुमच्या जागी मी मेक.कॉन्फमध्ये ओ-टू आणि नेटिव्ह एवढंच ठेवेन. जीसीसी १२ पासून ओ-टूवरही लूपचं व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणं) मर्यादित प्रमाणात होतं, त्यामुळे ओ-थ्रीची ओढ मला पूर्वीपेक्षा कमी वाटते. एलटीओ हवं तर ठेवा, पण अपवाद करायची तयारी ठेवून. ओ-थ्री फक्त अशा पॅकेजला जिथे फरक तुम्ही स्वतः मोजला आहे: व्हिडिओ एन्कोडर, कॉम्प्रेशन, असलं काही. फास्ट-मॅथ कुठेच नको, ज्या लेखकांना ते चालतं ते आपल्या प्रोजेक्टमध्ये स्वतःच लावतात.

अपवाद करायला पोर्टेजच्या एन्व्ह फोल्डरमध्ये छोट्या फाइली करा: एकीत एलटीओ बंद, एकीत ओ-टू, एकीत कमी जॉब. पॅकेज.एन्व्हमध्ये पॅकेजचं नाव लिहून समोर त्या फाइलीचं नाव. प्रत्येक ओळीच्या वर कॉमेंट म्हणून लॉगमधली ती पहिली चूक, पॅकेजची आवृत्ती आणि कंपायलरची आवृत्ती उतरवून ठेवा. पॅकेजची मोठी आवृत्ती आली की ओळ काढून एकदा बिल्ड करून पाहा, बरेच अपवाद तेव्हा लागत नाहीत. कॉमेंट नसेल तर ती ओळ काढायची हिंमत होत नाही आणि यादी नुसती वाढत जाते.

तुमच्या पाच पॅकेजपैकी ‘किल्ड’वाल्यापासून सुरुवात करा, ते जॉब कमी करून लगेच होईल. फास्ट-मॅथ काढून टेस्टवालं पुन्हा चालवा. मग एलटीओ ठेवून ‘जीसीसी-एआर’ देऊन लिंकिंगवालं. कंपाइलमध्ये थांबलेल्याची आणि ओ-टूवरही न होणाऱ्याची पहिली चुकीची ओळ, तिच्या वरची पूर्ण आज्ञा आणि ‘इमर्ज इन्फो’चा निकाल द्या, त्यावरून डब्ल्यू-एरर, लेबल की जुनं सी हे सांगता येईल.